गाडीतील जमीन

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून ज्याच्या नोकरीची अखेर झाली, आणि त्यापूर्वीची तेहेतीस वर्षे ज्याने सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी, मोजणीचे नकाशे आणि बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या तक्रारी यांच्या सहवासात घालविली, त्या माणसाला जमीन या वस्तूविषयी नवे काही शिकावयाचे उरले नाही असे वाटू लागले तर तो समज क्षम्य मानावा. माझा तो समज दूर झाला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये, गुडघे टेकून एका मोटारीच्या पोटात मी डोके घातले असताना.

माझी पत्नी (जुन्या रिवाजाप्रमाणे तिचा उल्लेख मी ‘ही’ असाच करीत आलो आहे, आणि या वयात तो रिवाज मोडण्याची इच्छा नाही) जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, गच्चीवर वाळत घातलेले सांडगे वळवाच्या पावसात भिजू नयेत म्हणून ती घाईने वर गेली, ताट घेऊन उतरताना जिन्यावर पाय निसटला, आणि पाठीच्या कण्याला जी इजा झाली तिने कमरेखालचा देह कायमचा बधिर केला. त्या प्रसंगाचा विस्तार मी करीत नाही. तो केल्याने वाचकाच्या मनात कणव उत्पन्न होईल, आणि हिला कणवेचा विलक्षण तिटकारा आहे. आमच्याच कोल्हापुरात १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन हिने नोकरीत असताना वाचले होते. रुग्णालयातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने ते कपाटातून पुन्हा काढविले आणि “आता परीक्षेला हेच पुस्तक आहे,” एवढेच बोलून ती वाचीत बसली.

घराची व्यवस्था फारशी कठीण गेली नाही. सार्वजनिक इमारतींच्या उतारासाठी बारास एक हे जे प्रमाण सांगितलेले असते, म्हणजे एक फूट चढावयाचे तर बारा फूट लांबीचा उतार, ते मला कचेरीमुळे ठाऊक होते. जोते सव्वा फुटाचे, तेव्हा पंधरा फुटांचा उतार गवंड्याकडून बांधून घेतला आणि त्याच्या वाटेत येणारे तुळशीवृंदावन दोन हात पूर्वेस सरकविले. उंबरठा काढावा लागला, त्याचे मला थोडे वाईट वाटले. हिला वाटले नाही. घरातल्या घरात ती आठवडाभरात स्वतंत्र झाली. अडले ते फाटकाबाहेर.

फाटकाबाहेर जावयाचे म्हणजे रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे उचलणे. आमची गल्ली मोठी मायाळू. हाक मारण्याची खोटी, दोघे बगलेत हात घालीत, दोघे पायांकडून धरीत, आणि “सांभाळून, सांभाळून” अशा गजरात हिला आत ठेवले जाई. हा ‘ठेवले’ शब्द तिचा आहे. डॉक्टरांकडे, बँकेत हयातीचा दाखला देण्यास, एकदा पुतण्याच्या साखरपुड्यास, अशी वर्षभर ती गेली. नंतर एक दिवस, नात्यातल्या एका लग्नाची अक्षत आली असता, तिने जाण्याचे साफ नाकारले. मी आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, “अहो, चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच असतं. माझं ते रोज रोज कशाला करता?”

यावर उत्तर नव्हते. त्या रात्री मी उपदानाच्या रकमेचा हिशेब मांडला आणि महिन्याभरात एक जुनी मारुती ईको दारात उभी राहिली.

ईको घेण्यामागे विचार एवढाच होता की तिचे छप्पर उंच, मागचे दार वर उघडणारे, आणि मागचे बाक काढले की आत एक छोटी खोलीच तयार होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाचे काय वाटेल ते घडवून मिळते अशी आम्हा कोल्हापूरकरांची श्रद्धा आहे आणि ती बहुतांशी खरीही आहे. तेथल्या एका कारागिराने (त्याचे नाव सांगत नाही, कारण चूक त्याच्याइतकीच माझी) चार दिवसांत गाडी तयार करून दिली. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर जाड प्लायवूड, वर शाळेच्या बसमध्ये असते तसले काळे रबर, खुर्ची बांधण्यासाठी चार कड्या आणि ट्रकवाले माल आवळतात तसले पट्टे. सांगाडा व फळी मिळून जवळजवळ दोन इंच उंची खाल्ली गेली, त्यामुळे हिचा अंबाडा छपराला लागू लागला. तेव्हा तिने अंबाडा सोडून वेणी घालण्यास आरंभ केला आणि दहा वर्षांनी वय कमी झाल्याचे जाहीर केले. या बदलासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते की काय, हे ज्याने जन्मभर इतरांच्या विनापरवाना बांधकामांवर शेरे मारले त्या मी विचारलेसुद्धा नाही. दिव्याखालचा अंधार तो हाच.

हिचे माहेर साखरप्याचे. कोल्हापुराहून मलकापूर, मलकापुराहून आंबा, आणि तेथून घाट उतरला की साखरपे. अपघातापासून ती तेथे गेली नव्हती. श्रावण सरत आलेला, घाटात धुके, आणि सर्वत्र पाण्याचे आवाज, अशा त्या सकाळी तिचा चेहरा मी आरशातून पाहत होतो, आणि गाडी चालविणारा शेजारचा मुलगा रस्त्याकडे पाहत होता हे आमचे सुदैव. कारण एका वळणावर धुक्यातून अकस्मात म्हैस पुढे आली आणि त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. खुर्ची फूटभर पुढे सरकून माझ्या आसनाच्या पाठीवर आदळली, हिने दोन्ही हातांनी माझा खांदा धरला, आणि क्षणभराने शांतपणे म्हणाली, “म्हैस गेली का?” मी विचारले, लागले काय? ती म्हणाली, नाही. ते खरे नव्हते, पण खोटेही नव्हते. साखरप्याला पोहोचल्यावर वहिनींनी कपडे बदलताना पाहिले तेव्हा उजवा गुडघा सुजून काळानिळा पडला होता. तो दुखत नव्हता, कारण तेथून दुःखाची वार्ता वर पोहोचण्याची वाटच बंद झालेली. त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला दुखते तो निदान ओरडतो.

परत आल्यावर कारागिराने रबर उचलून पाहिले आणि जे वाक्य उच्चारले ते माझ्या पुढच्या सर्व खटाटोपाचे मूळ ठरले. तो म्हणाला, “बोल्ट तुटला न्हाई साहेब, पत्रा फाटलाय.” खरोखरच कडी शाबूत, बोल्ट शाबूत, त्याचे वायसरही शाबूत, ते सगळे गाडीच्या तळाचा पातळ पत्रा फाडून वर आले होते. खुंटा पक्का होता, जमीन भुसभुशीत निघाली. जन्मभर हद्दीच्या दगडांचे वाद ऐकलेल्या माणसाला याहून स्पष्ट भाषेत कोणी सांगू शकले नसते.

माझा एक भाचा पुण्यास मोटारींच्या व्यवसायात आहे. त्याने भोसरीतील एका छोट्या कारखान्याचा पत्ता काढला, जेथे रुग्णवाहिका आणि अपंगांच्या गाड्या सजविल्या जातात. तेथे मी प्रथम ती वस्तू पाहिली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या लांबच लांब फळ्या: वीतभर रुंद, बोटाच्या जाडीच्या, आतून पोकळ, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असलेल्या. सुतार ज्याला नर-मादीचा सांधा म्हणतात तोच हा; एकीची जीभ दुसरीच्या खाचेत सरकविली की दोन फळ्यांची एक होते, आणि अशा आठ-दहा फळ्या जोडल्या की गाडीच्या रुंदीची सलग जमीन तयार होते. कारखान्यातील मुले तिला ‘मॉड्युलर फ्लोअर’ म्हणत. काही फळ्यांच्या मधोमध लांबट पन्हळ कोरलेली होती आणि तिच्या ओठांवर एकेक इंचाच्या अंतराने गोल भोके पाडलेली. हीच रूळपट्टी विमानात आसने बसविण्यासाठी वापरतात असे कारखान्याच्या मालकाने सांगितले. आसनाच्या किंवा पट्ट्याच्या पायाला असलेले बटण एका भोकातून आत उतरवावयाचे, अर्धा इंच सरकवून दोन भोकांमधल्या अरुंद गळ्याखाली न्यावयाचे, आणि खिट्टी पाडावयाची; मग ते वर येत नाही, पुढेमागे होत नाही. हवे तेव्हा खिट्टी उचलून चार भोके पुढे किंवा सहा भोके मागे.

“पण पत्रा तर तोच ना?” मी विचारले.

मालक तरुण होता, पण शिकविण्याची हातोटी मास्तराची होती. त्याने मला गाडीखाली नेले (गुडघे टेकण्याचा प्रसंग तो हाच) आणि विजेरीच्या उजेडात पत्र्याच्या खालून आडव्या गेलेल्या पोलादी तुळ्या दाखविल्या. “काका, आपण पत्र्याला काही बांधतच नाही,” तो म्हणाला. “एका बोल्टाला सगळा झटका दिला तर कुठलाही पत्रा फाटेल. इथे झटका एका भोकाला बसतो, तिथून तो फळीत जातो, फळीतून शेजारच्या फळ्यांत, आणि सगळ्या फळ्यांचे बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन या तुळ्यांना किंवा खालच्या जाड पट्ट्यांना धरतात.” म्हणजे सारा एकाच्या माथी न मारता गावावर वाटून द्यावयाचा, हे मला तत्काळ समजले.

झटका म्हणजे किती, हेही त्याने सांगितले. चाकाच्या खुर्च्या गाडीत बांधण्याच्या साधनांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०५४२ नावाचे, त्यातील समोरच्या धडकेच्या परीक्षेत ताशी ४८ किलोमीटरच्या वेगातून गाडा असा थांबवितात की त्यावरील प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट ओढ बसते. आमची खुर्ची १८ किलोंची. वीसपट म्हणजे ३६० किलो. आम्हा कोल्हापूरकरांच्या भाषेत तीस किलोंचे गुळाचे बारा रवे. ते बारा रवे मी उद्यमनगरात चार कड्यांना आणि एका पोस्टकार्डाएवढ्या पातळ पत्र्याला टांगले होते. आणि हे केवळ खुर्चीचे; ५२ किलोंच्या माणसाचे हजारावर किलो निराळे, आणि म्हणूनच खुर्चीचे पट्टे वेगळे व माणसाचा पट्टा वेगळा, एकाचा भार दुसऱ्यावर टाकावयाचा नाही, हा तेथला पहिला दंडक. माझ्या पहिल्या गाडीत माणसाला पट्टाच नव्हता. हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो.

गाडीची जमीन कापून खाली घेतली तर उतार सौम्य होईल आणि अंबाडाही परत येईल, अशी एक तजवीज मी सुचविली. विलायतेत तसे करतात हे मी वाचले होते. मालकाने नकार दिला. ज्या गाड्यांची पुढची चाके ओढतात त्यांच्या मागच्या भागात तळाखाली फारसे काही नसते, तेथे हे साधते. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे तळाखालून तो फिरता दांडा आणि मागचा आस जातो, तेथे करवत लावण्यास जागा नाही. जमिनीपासून गाडीचा तळ आम्ही मोजला तो २२ इंच भरला. बारास एक या माझ्या प्रमाणाने २२ फुटांचा उतार हवा. आमची गल्लीच मुळी त्याहून अरुंद. शेवटी सात फुटांचा दुमडता उतार घेतला, जो जवळजवळ चारास एक येतो आणि ज्यावरून माणूस व खुर्ची मिळून सत्तर किलोंचे ओझे चढविण्यास सतरा-अठरा किलोंचा जोर लागतो. तो माझ्याकडे नाही, म्हणून एक छोटी विजेची रहाटी बसविली. तिची कळ हिच्या हातात असते. या एका कळीसाठी मी त्या कारखान्याला सारे काही माफ केले असते. सुदैवाने माफ करण्याजोगे काही घडले नाही, किंमत सोडून.

काम चार दिवस चालले आणि मी भाच्याकडे मुक्काम करून रोज तेथे जाऊन बसलो, कारण परक्याच्या हाती मोजणी सोपवून घरी बसण्याची मला सवय नाही. जुना सांगाडा निघाला. पत्र्याला जेथे जेथे गंज धरला होता तेथे घासून रंग दिला गेला. आणि मग मला अनपेक्षित अशी एक गोष्ट झाली की ॲल्युमिनियम व पोलाद यांचा थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये रबराची पातळ पट्टी अंथरली गेली. या दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि कोल्हापुरी पावसाळ्यात ओल कोठे शिरत नाही? पहिली फळी रेषेत बसेपर्यंत मुलांनी तासभर घालविला. पुढच्या सगळ्या दोन तासांत सरकल्या. पहिली रेघ चुकली की सगळा नकाशा चुकतो, हे आमच्या भूमापकांचेही म्हणणे असे. वर खडबडीत अस्तर बसले तेव्हा जुन्या जमिनीपेक्षा ही इंचभराहून अधिक खाली आली होती. मी घरी दूरध्वनी करून अंबाड्याची बातमी दिली.

बांधण्याची रीतही शिकावी लागली. खुर्चीचे तोंड नेहमी पुढे, कधीही आडवे नाही. चारही पट्टे खुर्चीच्या सांगाड्याला; चाकाला किंवा पायफळीला लावावयाचे नाहीत, कारण ते भाग निघून येतात. आधी पुढचे दोन लावावयाचे, मग मागचे आवळावयाचे. मागचे तिरपे, तीस ते पंचेचाळीस अंशांत, कारण समोरच्या धडकेत खरा भार तेच घेतात. माणसाचा पट्टा कमरेच्या हाडावर नीट टेकावा, खुर्चीच्या हातावरून जाऊ नये. मी हे सारे वहीत उतरवून घेतले. ही वही हिने वाचली, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि “पट्टेही चारच का?” असे विचारले. मला ‘चौघे’ आठवले. मी गप्प राहिलो. मग तीच म्हणाली, “हे चौघे बरे. उचलत नाहीत, धरून ठेवतात.”

राहिली सरकारी बाजू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा मूळ रोख असा की निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये; परंतु २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात अपंग व्यक्तीसाठी अनुकूल केलेल्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या आली, आणि असे वाहन करून घेणाऱ्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी मागाहून घेण्याची मुभा मिळाली. ‘मागाहून मंजुरी’ हे शब्द मी तीन वेळा वाचले. आधी करा, मग कळवा, असे कायद्याने कोणास म्हटल्याचे माझ्या तेहेतीस वर्षांच्या दप्तरात एकही उदाहरण नाही. कागद जोडून अर्ज केला, निरीक्षकांनी गाडी तपासली, आसनसंख्या घटल्याची नोंद झाली, आणि नोंदणीपत्र हाती आले तेव्हा हिने ते चष्मा लावून वाचले आणि विचारले, “फेरफार मंजूर?” मी म्हटले, मंजूर.

पहिले काही दिवस ती कारखान्याने ठरवून दिलेल्या जागी, अगदी मागे, बसत असे. मग एकदा म्हणाली, मला तुमच्या मानेव्यतिरिक्त काही दिसत नाही. मला खिडकी हवी. मी खिट्ट्या उचलल्या, चारही पट्ट्यांचे पाय सहा भोके पुढे घेतले. तरी खिडकीचा दांडा डोळ्यांवर येई. आणखी दोन भोके. सोबतीच्या माणसाचे एकटे आसनही त्याच पट्टीवर बसते, ते डावीकडे मागे सरकविले. अखेर पट्ट्यांच्या तिरपेपणाचे अंश वहीप्रमाणे पुन्हा ताडून पाहिले आणि मागून अकराव्या भोकावर तिची जागा कायम झाली. त्या भोकाशी मी लाल रंगाचा ठिपका दिला आहे. हद्दीच्या निशाणाशिवाय मला चैन पडत नाही.

या जमिनीला एक खोड आहे. पन्हळीत खडा, माती, चिंचोका असे काही अडकले की बटण पुरते उतरत नाही. वरून खिट्टी पडल्यासारखी दिसते आणि आत ती धरलेली नसते. म्हणून दर प्रवासापूर्वी ब्रशाने पट्टी झाडावयाची आणि प्रत्येक पाय हाताने ओढून पाहावयाचा, असा नियम मी केला, आणि गाडीत शेंगा खाण्यास सक्त मनाई केली.

गेल्या श्रावणात पुन्हा साखरप्याला निघालो. मलकापूर सोडल्यावर मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. घाट लागला, धुके होतेच, आणि ते वळण आले. चालविणारा तोच मुलगा. त्याने न सांगता वेग कमी केला, आणि ब्रेकवर पाय ठेवताच मागे पट्टे किंचित ताणल्याचा आवाज झाला आणि थांबला. मी आरशात पाहिले. हिचे दोन्ही हात मांडीवर होते, कशालाही धरलेले नव्हते. मांडीवर कागदाची पुडी होती, आणि अंबाडा छपराखाली सुरक्षित होता. पुडी कशाची ते वासावरून कळले. मलकापुरात मी दूध पाहण्यास उतरलो तेवढ्यात मुलाकडून तिने भाजलेल्या शेंगा मागविल्या असाव्यात.

“टरफलं पट्टीत पडतील,” मी म्हणालो.

“पडू देत. जमीन म्हटली की टरफलं पडायचीच,” ती म्हणाली आणि सोललेले चार दाणे पुढे करून माझ्या तळहातावर ठेवले.

साखरप्याला पोहोचल्यावर रहाटीची कळ दाबून ती आपली आपण अंगणात उतरली आणि वहिनींशी बोलत उताराने पडवीकडे गेली. मी ब्रश घेऊन गाडीत शिरलो. सात टरफले निघाली. त्यांपैकी दोन अकराव्या भोकात होती.